सोप्यातला तात्या

आमच्या घरात मासे खात नाहीत. आई माळकरी, अण्णांनीही पन्नाशीनंतर माळ घातली. त्यामुळे २०१७ च्या डिसेंबरात मी मिरजेहून प्लास्टिकच्या पिशवीत दोन इंचांचा मासा घेऊन आलो, तेव्हा आईने एवढंच विचारलं, "हे काय खातंय?" मी म्हणालो, "दाणे." खोटं नव्हतं ते. दाण्यांच्या डब्यावर बारीक अक्षरांत माशांची भुकटी लिहिलेली होती, ती तेवढी वाचून दाखवली नाही.

मासा फ्लॉवरहॉर्न. हळदीच्या पेठेत एका अडत्याच्या गादीशेजारी मी तो पहिल्यांदा बघितला होता. वीतभर लांब, अंगावर लाल-गुलाबी झाक, कुशीवर शाईची बोटं उठवल्यासारखी काळ्या ठिपक्यांची रांग, आणि कपाळावर ही एवढी गाठ. शेठजी काचेजवळ बोट नेत आणि मासा त्या बोटामागे कुत्र्यासारखा धावे. मला त्या गाठीचं फार काही वाटलं नाही, ते धावणं आवडलं. तोवर मासा म्हणजे माझ्या लेखी इकडून तिकडे जाणारी वस्तू होती. हा बघत होता. माणसाकडे बघत होता आणि माणूस त्याला पसंत नव्हता.

दुकानदार म्हणाला, "नर आहे. कपाळाची गाठ येणार म्हणजे येणार. घरात ठेवा, भरभराट होते." चारशे रुपयांत भरभराट म्हणजे महाग नव्हे. घरी आल्यावर पिशवीतून सोडला तसा तो कोपऱ्यात गेला, वळला आणि कपाळाला आठ्या घातल्यासारखा आमच्याकडे बघत राहिला. लेक तेव्हा सहा वर्षांची होती. म्हणाली, "हे तात्यांसारखं बघतंय." आमच्याकडे एक तात्या येतात, चहात साखर कमी पडली की कपाच्या कडेवरून असंच बघतात. नाव तिथंच पडलं. खऱ्या तात्यांना अजून पत्ता नाही.

पहिली चूक मात्र त्याच दिवशी झाली होती. दोन फुटी टाकी सकाळी आणली, नळाचं पाणी भरलं आणि संध्याकाळी मासा सोडला. तिसऱ्या दिवशी तात्या पाण्यावर तोंड काढून धापा टाकायला लागला, कल्ले लालभडक. दुकानदाराला फोन केला. त्याने निळं औषध टाकायला सांगितलं. टाकलं. पाणी निळं झालं आणि तात्या निळ्या पाण्यात धापा टाकू लागला.

मग रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. प्रकार असा की मासा खातो आणि त्याच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. हे विष. फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर हळूहळू जिवाणू धरतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य, आणि पाणी बदललं की निघून जातं. ही सगळी वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन या जिवाणूंनाही मारतं आणि माशाचे कल्लेही जाळतं. मी हे आईला मोठ्या उत्साहाने समजावलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे विरजण." अगदी तेच. विरजण न लावताच मी दही मागत होतो.

पुढचे सहा आठवडे रोज पाणी बदललं. परड्यातल्या बोअरचं पाणी बादल्यांत काढून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी टाकीतलं चौथाई पाणी काढून ते घालायचं. तपासणीचे थेंब मागवले होते. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, मोजून थेंब टाकायचे, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळं आलं तर अमोनिया नाही, हिरवं आलं तर आहे. पहिले तीन आठवडे कच्च्या कैरीसारखं हिरवं यायचं. लेक शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारायची, "आज पिवळं?" फेब्रुवारीत एकदाचं पिवळं आलं आणि पिवळंच राहिलं.

बोअरच्या पाण्याची एक गंमत. आमचं हे पाणी इतकं जड की त्यात तुरीची डाळ शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर वर्षभरात पांढरा थर चढतो. घरात त्याला शिव्याच. पण फ्लॉवरहॉर्नचे पूर्वज मध्य अमेरिकेतले, तिकडच्या तळ्यांचं पाणी असंच क्षारांचं. तात्याला ते मानवलं. घरात त्या पाण्याचं कुणी कौतुक केलं असेल तर त्याने.

पूर्वज म्हणालो, कारण खुद्द फ्लॉवरहॉर्न कुठल्याच नदीचा नाही. मलेशियात १९९० च्या दशकात हौशी लोकांनी मध्य अमेरिकेतल्या सिक्लिड जातींचे एकमेकांशी संकर करून हा मासा बनवला. गाठ शुभ, अंगावरचे ठिपके शुभ, त्यांत चिनी अक्षरं दिसली तर फारच शुभ. त्या शुभाच्या मागे लोक धावले आणि मासा जगभर पोचला. सिक्लिड हे कुळच तापट. मध्य अमेरिकेकडच्या जातींत अंडी घातली की आईबाप दोघं मिळून राखण करतात, म्हणजे आधी जागा राखावी लागते, म्हणजे समोर येईल त्याला हाकलावं लागतं. दोन-तीन अशा तापट घराण्यांचं रक्त एकत्र केलं आणि निघाला हा. ज्याची नदी नाही, तळं नाही, काचेच्या चौकटीबाहेर ज्याचं गाव नाही असा मासा. हे वाचलं त्या रात्री जरा विचित्र वाटलं होतं. दोन वर्षांनी त्याचा खरा अर्थ कळला.

तात्या महिन्याला जवळजवळ एक इंच वाढत होता. मे महिन्यात दोन फुटी टाकीत त्याला वळायला अडचण व्हायला लागली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी करून घेतली. अडीचशे लिटर पाणी, काच आणि स्टँड धरून तीनशे किलोच्या वर वजन. मला ती माडीवर हवी होती. अण्णांनी माडीच्या तुळया ठोकून बघितल्या आणि म्हणाले, "मासा वर आणि आपण खाली झोपायचं असेल तर ठेव." आमचं घर गावभागातलं, लाकडी माडीचं. वाद घालण्यात अर्थ नव्हता. टाकी खाली सोप्यात आली, दारातून आत येणाऱ्याच्या डाव्या हाताला. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी स्टँड करून घेतला, टाकीखाली थर्माकोलची शीट. स्टँड अडीच फूट, त्यावर टाकी दीड फूट, म्हणजे टाकीची वरची कड जमिनीपासून चार फुटांवर. हा आकडा पुढे लागणार आहे.

नव्या टाकीत त्याचे उद्योग वाढले. खाली नदीची वाळू घातली होती, ती तो तोंडात भरून घ्यायचा आणि दुसऱ्या टोकाला जाऊन थुंकायचा. रात्रभर हेच. सकाळी एका कोपऱ्यात वाळूचा ढीग आणि दुसऱ्यात उघडी काच. प्लास्टिकची झाडं लावली, उपटली. पुन्हा लावली, पुन्हा उपटली. तिसऱ्यांदा मी झाडं ठेवलीच नाहीत. आई म्हणायची, "मासा आणलाईस का घूस?"

त्या वर्षी गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं. जो येई तो टाकीसमोर उभा राहून एकच म्हणे, "एकटाच आहे होय? करमत नसेल बिचाऱ्याला." दहा दिवस हे ऐकून मीही विरघळलो. दोन पॅरट मासे आणि तळाची शेवाळ खाणारा एक सकर घेऊन आलो. संध्याकाळी सोडले तेव्हा तात्या नुसता बघत राहिला. रंग गडद झाला होता, अंगावर काळे पट्टे आले होते, कल्ल्यांची झापडं फुगवली होती. मला वाटलं, बिचकलाय. दिवा मालवून झोपलो.

सकाळी एक पॅरट टाकीच्या बाहेर, फरशीवर, सुकलेला. झाकणाला हिटरच्या वायरीसाठी ठेवलेल्या खाचेतून त्याने उडी घेतली होती. म्हणजे पाण्याबाहेर मरणं त्याला बरं वाटलं. दुसरा फिल्टरच्या मागे उभा अडकलेला, शेपूट नव्हतीच, नुसता देठ. सकर जिवंत होता. सकराचं अंग चिलखतासारखं, चावा लागत नाही. तात्याने त्याचे डोळे काढले होते. दोन्ही. आंधळा सकर काचेला चिकटून तोंड हलवत होता, आणि तात्या मधोमध, अगदी मोकळा, पर पसरून. त्याला करमत होतं. त्याला आदल्या दिवशीपर्यंतही करमतच होतं.

सकर जुन्या दोन फुटी टाकीत वर्षभर जगला. त्याच्याकडे बघताना मला तात्याचा राग येत नसे, पाहुण्यांचा येई. आणि त्यांचं ऐकणाऱ्याचा.

हिवाळ्यात त्याने हिटर फोडला. काचेचा हिटर होता, त्याच्यावर दिवसातून दहादा धडका. एका पहाटे टाकीत हात घातला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. तेव्हापासून टाकीत हात घालायच्या आधी सगळे प्लग काढायचे हा घरातला नियम, आणि हिटर छिद्रं पाडलेल्या पाइपात. ज्यांच्याकडे असा मासा आहे त्यांनी बाकी काही ऐकलं नाही तरी चालेल, हे ऐकावं.

चावतो का, हे सगळे विचारतात. चावतो. वाळूतली घाण नळीने ओढत होतो, अंगठ्याच्या बाजूला झडप आली. दात बारीक, खरवडल्यासारखं लागतं, रक्त थोडंसंच. पण आठ इंचांचा जीव सगळं अंग घेऊन येतो त्याचा धक्का हाताला कळतो. सिक्लिडच्या घशात आणखी एक जबडा असतो. पुढच्याने धरायचं, मागच्याने दळायचं. दाणा टाकल्यावर नीट बघितलं तर तोंड मिटलेलं आणि गळा हलत असतो, आणि थोड्या वेळाने कल्ल्यांतून दाण्याचा धुरळा बाहेर येतो, पिठाच्या गिरणीच्या खिडकीतून यावा तसा. टाकी घाण होते ती या धुरळ्याने. म्हणून आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचंच. ऊस तुटायचा सीझन असो नाहीतर लग्नसराई.

रंग चढावा म्हणून सुकट घालून बघायचं ठरवलं तेव्हा घरात खरी लढाई झाली. सुकटीची पुडी मी गाडीच्या डिकीत लपवली होती. दोन दिवसांनी आईने ओळखलं, कारण गाडीलाच वास येत होता. "माळकऱ्याच्या घरात सुकट?" मी म्हणालो, "तात्याने कुठं माळ घातलीय?" अण्णा हसले म्हणून मी वाचलो. तडजोड अशी झाली की पुडी परड्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि भरवायचं मी, आंघोळीच्या आधी. पोट फुगलं तर मात्र आईचंच औषध चाले: उकडून साल काढलेला मटार. माळकरी मटार तो चावून चावून खायचा.

२०१९ च्या मार्चात तात्याने टाकीची मागची काच घासायला सुरुवात केली. ओठांनी, एकाच जागी, ताटाएवढी जागा. दोन दिवस खाणं नाही. पोटाखाली, पराच्या मागे एक आखूड नळी दिसायला लागली. मी घाबरलो, पुन्हा वाचायला बसलो, आणि वाचताना मला हसू फुटलं. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर बायको दारातच उभी. "तुमच्या तात्याने अंडी घातलीत."

काचेवर ओळीने लावलेली, राजगिऱ्याएवढी, शेकडो. तात्या त्यांच्यापुढे उभा राहून पराने वारा घालत होता. घालत होती. कपाळावर गाठ येत नव्हती याचं सव्वा वर्षाचं कोडं त्या संध्याकाळी सुटलं: मादीला तशी गाठ येत नाही, आली तर फुगवटा. दुकानदाराने दोन इंचांच्या पिल्लाकडे बघून नर म्हटलं होतं, आणि त्या वयात खरं म्हणजे कुणालाच सांगता येत नाही. लेकीला फार आनंद. नाव बदलायचं का, असं विचारलं तर म्हणाली, "नको. तात्याबाई म्हणायचं." ते टिकलं नाही. तात्या आली, तात्या चावली, असंच चालू झालं, अजून चालू आहे.

नर नाही म्हणजे अंडी फळणार नाहीत. दुसऱ्या दिवशी ती पांढरी पडायला लागली, बुरशीचा कापूस धरला. तात्या एकेक पांढरं वेचून काढायची आणि उरलेल्यांना वारा घालायची. चार दिवस. या चार दिवसांत टाकीजवळ केरसुणी नेली तरी काचेवर धडक. मी पाणी बदललं नाही. एका सकाळी काच स्वच्छ होती आणि ती कोपऱ्यात वाळूचा ढीग घालत होती.

ऑगस्टात पाणी आलं. सांगलीच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी: कृष्णेवरचा इर्विन पूल १९२९ सालचा, आणि पावसाळ्यात आमचा थर्मामीटर. दुधवालाही दूध घालताना "इर्विनला किती झालं?" विचारतो. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २००५ ला आमच्या सोप्यात गुडघाभर आलं होतं, त्यामुळे अण्णांचा हिशेब पक्का: सामान माडीवर टाकायचं, आपण माडीवर राहायचं. कोयनेचा विसर्ग वाढत होता, कोपऱ्यावर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या नावाने वाद चालू होते, आणि गटारीतून पाणी उलटं वर यायला लागलं तेव्हा अण्णा म्हणाले, "हे २००५ चं नव्हे. निघा."

बहिणीचा फ्लॅट विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर. गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टरची ट्रॉली लागली होती. बायकोने कागदपत्रांची पिशवी घेतली, आईने देव्हाऱ्यातला विठोबा घेतला, आणि मी फिल्टरचा स्पंज ओला तसाच पिशवीत बांधून घेतला. दीड वर्षाचं विरजण होतं ते. मग रंगाची वीस लिटरची रिकामी बादली, निम्मी टाकीच्या पाण्याने भरलेली, झाकणाला तापल्या खिळ्याने पाडलेली भोकं. तात्याला जाळीत धरताना तिने जाळी फाडली. शेवटी भाताच्या पातेल्याने उचलली.

ट्रॉलीत गल्लीतली तीस-पस्तीस माणसं, दोन शेळ्या, एक मिक्सर. बादली मांडीवर घेऊन मी बसलो. आतून धप्पकन आवाज आला आणि झाकण हललं. शेजारच्या मावशींनी विचारलं, "त्यात काय हाय?" "मासा." त्यांनी माझ्याकडे बघितलं, ट्रॉलीखालच्या पाण्याकडे बघितलं. "आरं, पुरातनं मासा वाचवालाईस व्हय? सोड की पाण्यात! त्याचंच घर हाय ते."

सगळी ट्रॉली हसली. चार दिवसांत लोक पहिल्यांदा हसले असतील, म्हणून मीही हसलो. पण तेव्हाच मला दोन वर्षांपूर्वीची रात्र आठवली. तिचं नाही ते घर. तिचं कुठलंच नाही. जगली नसती तर एक जीव गेला असता. आणि जगली असती तर? एकटी तात्या कृष्णेचं काय वाकडं करणार, हे खरं. पण पाण्यात सोडणारा प्रत्येकजण एकटाच असतो. मलेशिया-सिंगापूरकडच्या जलाशयांत लोकांनी असेच दया येऊन सोडलेले फ्लॉवरहॉर्न आता तिथे ठाण मांडून आहेत. ऑस्ट्रेलियात हा मासा पाळायलाच बंदी आहे. आणि आमच्या उजनीत शोभेच्या टाक्यांतले सकर कोळ्यांच्या जाळ्यात येतात, जाळी फाडतात. हे सगळं ट्रॉलीत मावशींना सांगायची ती वेळ नव्हती. मी म्हणालो, "पोरीचा जीव आहे त्यात." ते त्यांना पटलं. लेक तेव्हा आजीच्या मांडीवर झोपली होती.

बहिणीने धुण्याचा मोठा टब दिला. ऐंशी लिटर, वर प्लायवुडचा तुकडा, त्यावर वरवंटा. गावात नळाला पाणी नव्हतं, माणसांना टँकरच्या पाण्यासाठी रांगा. इमारतीला बोअर होती म्हणून निभावलं. तरी बादलीभर पाणी तात्याला घालताना जिन्यात कुणी भेटू नये असं वाटायचं. दाणे बंद. वीज जाई तेव्हा सेलवरचा एअर पंप. इर्विनला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं त्या रात्री सगळे मोबाइलवर आपापल्या गल्ल्यांचे फोटो शोधत बसले होते. मी टबाशेजारी बसलो होतो, कारण बाकी करण्यासारखं काही नव्हतं. एरवी हात दिसला की झडप घालणारी तात्या तळाला काळी पडून गप्प होती.

स्वातंत्र्यदिनाच्या आसपास घरी गेलो. भिंतीवर पाण्याची रेघ साडेपाच फुटांवर. म्हणजे टाकीच्या वर दीड फूट. आत सगळा चिखल, फ्रिज आडवा, कपाटाची दारं फुगून उघडलेली. आणि टाकी जागेवर, अखंड, काठोकाठ भरलेली. निघताना वेळ नव्हता म्हणून मी ती रिकामी केली नव्हती. केली असती तर तरंगून कुठेतरी आदळली असती. पाणी चहासारखं. कोपराने काच पुसली तर आत काहीतरी हललं.

बोटाएवढी चिलापी. पूर ओसरला आणि ही चार भिंतींत अडकली. चिलापीही सिक्लिडच, तात्याच्याच कुळातली, फक्त आफ्रिकेकडची शाखा. एवढ्याशा त्या जिवाने, माझं बोट काचेजवळ जाताच, पर उभारले.

घाटावर नेऊन सोडली. लेक बरोबर होती. तिने विचारलं, "ही चालते नदीत, तात्या का नाही?" प्रश्न बरोबर होता. चिलापीही भारतात १९५२ मध्ये आणलेली, लोकांना स्वस्त मासा मिळावा म्हणून. आता नदीत, धरणात, बाजारात तीच ती, आणि तिच्यामुळे कुठल्या देशी माशांना जागा उरली नाही याचा हिशेब कोळ्यांनाच विचारावा. मी तिला म्हणालो, "हिला सोडताना कुणी विचारलं नव्हतं." खरं तर हीही सोडायला नको होती. पण ती आमची नव्हती, नदीतून आली होती. मारायला हात झाला नाही.

घर धुऊन, वाळवून, वायरिंग नवं करून तात्या परत यायला सहा आठवडे लागले. तोवर ऐंशी लिटरच्या टबात तिच्या डोळ्याच्या वर टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली होती, पांढरट कडांची. डोक्याला भोकं पडण्याचा हा आजार मोठ्या सिक्लिडना दाटीत, खराब पाण्यात होतो. माणसांना आमांशावर देतात त्या मेट्रोनिडाझोलने उपचार करतात, पण पाणी चांगलं नसेल तर औषध वाया. मी दोन्ही केलं. दिवाळीपर्यंत भोकं भरली. व्रण आहेत. त्या व्रणांमुळे ती जास्तच तात्यांसारखी दिसते.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा टाकी वर होती. मधल्या काळात परड्याच्या बाजूला दोन खोल्या स्लॅबच्या चढवल्या होत्या, अण्णांच्या मते माणसांसाठी. आम्ही वर राहिलो, वीज तीन दिवस नव्हती, पंप सेलवर चालला. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

पुरातनं मासा वाचवणारा म्हणून गावात माझं नाव झालं आहे, आणि त्याचा एक परिणाम म्हणजे फोन. "आमचा ऑस्कर मासा फार मोठा झालाय." "मुलगा पुण्याला गेला, मासा कोण बघणार?" लहानपणी दोन इंचांचा घेतात, दुकानदार सांगत नाही की हा फूटभर होतो आणि आठ-दहा वर्षं जगतो. मी घेतोच असं नाही. बहुतेकदा कुणाची मोठी टाकी रिकामी आहे ते सांगतो. पण गेल्या वर्षी कुपवाडहून एकाचा फोन आला, बदली झाली होती. दोन फुटी टाकीत फूटभर फ्लॉवरहॉर्न. "कुणी घेईना. आज संध्याकाळी कृष्णेत सोडतो, मोकळा होईल बिचारा."

मी म्हणालो, "थांबा, येतो." रंगाची बादली माळ्यावरच होती, भोकांच्या झाकणासकट.

हा नर निघाला. गाठ अगदी नारळाएवढी नाही, पण मोसंबीएवढी नक्की. लेकीने नाव ठेवलं शेठ. तात्याच्या टाकीला लागून त्याची टाकी. काचेला काच, त्यामुळे पहिल्या दिवशी दोघांनी धडका मारून मारून ओठ सोलून घेतले. आता मध्ये जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा असतो. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की आई वर येते आणि पुठ्ठा काढते. दोघं कल्ले फुगवून समोरासमोर येतात, रंग भरतो, शेपट्या थरथरतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओरडलो, "अगं, भांडतील!"

"भांडू देत की," ती म्हणाली. "पाच मिनिटं. दिवसभर आत बसून अंग आखडतंय." मग घड्याळाकडे बघून तिने पुठ्ठा परत सरकवला आणि दोन्हीकडे मोजून चार-चार दाणे टाकले. डबा तिने आता वाचला असावा. काही बोलली नाही.